वाटेवरच्या तेरा निळ्या पिशव्या

२ मार्च

मावशी,

आधी पाया पडून घेते. म्हणजे पुढचं वाचून रागावलीस तरी तेवढं तरी झालेलं असेल.

फोनच करणार होते. पण धुलाईच्या कारखान्यातल्या त्या मशिनींनी तुझे कान खाल्ले. मी हॅलो म्हणते, तू काय म्हणतेस, यातच दहा मिनिटं जातात आणि दोघींचे घसे बसतात. म्हणून पत्र. सहावीत शाळा सुटली तिथंच माझं अक्षरही थांबलं, तेवढं चालवून घे.

काल पोरीला दवाखान्यात टोचायला नेलं होतं. नर्सबाईंनी विचारलं, "चालते का?" म्हटलं, नाही. "उभी राहते?" म्हटलं, पलंगाला धरून राहते. "खाली सोडता का तिला?" मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग त्या म्हणाल्या, "अहो बाई, सोळा महिन्यांची झाली. पोरं जमिनीवर चालतात, आईच्या कडेवर नाही." सगळी रांग हसली. मीपण हसले, काय करणार. मग त्यांनी आवाज बारीक केला. अठरा महिन्यांपर्यंत चालली नाही तर मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल म्हणाल्या. पाय, कंबर, सगळं तपासायला.

 पाय खरंच अधू निघाले तर?

आणि खाली सोडायची तर सोडू कुठं? खोलीत चार पावलं टाकली की भिंत, त्यात पलंग, शेगडी, पिंप. जरा काही आपटलं की खालच्या मजल्यावरच्या काकू काठीनं छत ठोकतात. राहिली ती मागची वाट. आमच्या चाळवजा इमारतींच्या मागं ओढ्याच्या कडेनं फिरायची वाट आहे, झाडं आहेत, दोन बाकं आहेत. लोक सकाळी तिथं हात हलवत चालतात. पण काय नाही पडलेलं तिथं! बाटल्या, बुचं, सुया, कोंबडीची हाडं.

तुला एक सांगितलं नव्हतं. जानेवारीत तिला तिथं एकदा खाली ठेवली होती. मी चपलेचा बंद लावायला वाकले, तेवढ्यात तिनं काहीतरी तोंडात घातलं. बोट घालून काढलं तर फुटक्या दिव्याची काच. लागली नव्हती. पण तेव्हापासून मी तिला जमिनीला टेकवलीच नाही. पलंग आणि मी, एवढंच जग तिचं.

आमचे हे म्हणतात, इतकं काय घाबरायचं. ते पहाटे डेपोत जातात, दिवसभर बसगाड्या झाडतात, धुतात आणि आल्यावर झोपतात. त्यांना कधी घाबरायला वेळ मिळणार?

तुझी,
घाबरट

---

९ मार्च

अगं घाबरट,

पत्र पोचलं. अक्षर सहावीतलं नाही, चौथीतलं आहे. उगीच फुशारकी मारू नकोस.

काच तोंडात गेली हे वाचून माझाही जीव वरखाली झाला, खोटं कशाला बोलू. पण म्हणून पोरीला सोळा महिने गाठोड्यासारखं वाहायचं? गाठोड्याला पाय फुटत नाहीत गं. आजपासून मी तिला गाठोडंच म्हणणार. चालायला लागली की नाव बदलेन.

तू तिच्याएवढी असताना धुलाईच्या कारखान्यात माझ्या टेबलाखाली रांगायचीस. साबणाची अर्धी वडी खाल्ली होतीस. दोन दिवस शिंकलीस की फेस. तुझ्या आईला आजपर्यंत सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

आता ऐक. वाट घाण आहे ना? मग उचल. सगळी नको, तुला काय नगराध्यक्ष व्हायचंय? एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. तेवढी जमीन तिची. आपण मळक्या चादरींचा ढीग कसा संपवायचो? ढिगाकडे बघायचं नाही, हातातल्या चादरीकडे बघायचं. तसंच.

शेगडीवरचा लांब चिमटा घे, जाड हातमोजे घे, आणि गाठोडं पाठीवर बांध.

जावईबापूंना सांग, मावशीनं विचारलंय, घाबरायला वेळ नाही तर घोरायला कुठून मिळतो.

मावशी

---

२३ मार्च

मावशी,

तू मला चांगलीच गोत्यात आणलीस. वाचून हसू नकोस.

तू सांगितलंस तसं केलं. रोज सकाळी पोरगी पाठीवर, हातात चिमटा, कमरेला पोतं. खाली मान घालून उचलायचं. पहिल्या दिवशी बाकाखालचंच संपलं नाही. चौथ्या दिवशी शिट्टीसर येऊन उभे राहिले. हे शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यात. सकाळी पाच-सहा जणांना वाटेवर हात वर, हात खाली करायला लावतात.

"काय करताय?"

"काही नाही."

"काही नाही असं चिमट्यानं करतात का?"

मी घाबरून सगळं सांगून टाकलं. पोरीचं, नर्सबाईंचं, काचेचं. ऐकून घेतलं आणि वाजवली की गं शिट्टी! वाटेच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान आहे, तो अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून पळत आला. सर म्हणाले, "या बाईंनी अख्खी वाट साफ करायचं ठरवलंय! पाच एप्रिल, रविवार, सकाळी सात!"

मी कुठं ठरवलं होतं गं? मला दोन बाकांमधलंच हवं होतं. तोंड उघडायच्या आत गिऱ्हाइकानंसुद्धा साबण लागल्या गालानं हो म्हटलं.

आता मी म्हणे अध्यक्ष. मी, जी कारखान्यात चहाच्या सुट्टीतसुद्धा मोठ्यानं बोलले नाही!

परवा न्हाव्याच्या दुकानात बैठक झाली. खुर्चीत मला बसवलं. समोर आरसा, मला माझंच तोंड दिसतंय, पांढरं फटक. कुणीतरी विचारलं, "गोळा केलेल्या कचऱ्याचं काय करायचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही सुचेना, तेव्हा तोंडातून आपलं खिशांचं टेबल निघून गेलं. म्हटलं, आमच्या कारखान्यात कपड्यांच्या खिशात जे निघेल ते फेकायचं नाही. एक दिवस टेबलावर मांडून ठेवायचं. ज्याचं असेल त्यानं न्यावं. बघणाऱ्यानं विचारायचं नाही, नेणाऱ्यानं सांगायचं नाही.

 मग न्हावी म्हणाला, "ताई, कचरा? परत न्यायचा? माणसानं टाकलेला?"

तिथंच हसून विषय बदलायचा होता. पण दुसरं काही येतच नव्हतं डोक्यात, म्हणून मी तेच धरून बसले. म्हटलं, हो. मांडायचा. सर म्हणाले, "उत्तम! प्रदर्शन!" म्हटलं, प्रदर्शन नाही हो, टेबल. झालं. ठरलं.

एक गोष्ट मात्र मी मनानं केली. आमच्या इमारतीच्या मागं काटेरी झुडूप आहे, त्यात खोल कुणीतरी निळ्या पिशव्या फेकतं. तान्ह्या मुलांची घाण असते, वासावरून कळतं. दोन-तीन दिवसांनी एक वाढते. माझा चिमटा पोचत नाही तिथं. मला इतका राग आला, की रविवारची नोटीस सरांनी सांगितली तशी लिहिली, पण खाली मोठ्या अक्षरात माझं घातलं: "निळ्या पिशव्या टाकणाऱ्यानं थोडी तरी लाज बाळगावी. त्याच्याही घरात लेकरू आहे." न्हाव्यानं आरशाशेजारी लावली. ह्यांनाही वाचून दाखवली. म्हणाले, "छान आहे," आणि कूस बदलली.

पोरगी परवा पाठीवरून उतरायला धडपडत होती. मी बंद अजून घट्ट केले.

तुझी

---

३० मार्च

अध्यक्षबाई,

तुमचं पत्र कारखान्यात मोठ्यानं वाचलं. म्हणजे मला मोठ्यानं वाटलं नाही, पण बॉयलरवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा कळलं. सगळ्या बायकांनी हसून पोट धरलं.

अगं, आपल्या टेबलावर चाव्या निघायच्या, कवळ्या निघायच्या, त्या वकिलाच्या कोटात तर दर महिन्याला एकाच बाईचं पत्र निघायचं आणि बायको त्याची दुसरीच. लोक धावत न्यायला यायचे. फुटकी बाटली न्यायला कोण येतंय? जगाच्या पाठीवर कचऱ्याला मालक शोधणारी तूच पहिली.

पण मांडणार असशील तर नीट मांड. सारख्याला सारखं लाव, ढीग करू नकोस. आणि सगळं मांड. हे आवडलं नाही, याचा वास येतो, असं म्हणून काही लपवायचं नाही. टेबल म्हणजे टेबल.

ते बंद घट्ट केलेस ते वाचलं मी. तेवढंच एक वाक्य मी पुन्हा वाचलं. ती उतरायला बघते आणि तू आवळतेस. पाय अधू असते तर उतरायला धडपडली असती का गं? नर्सबाईंना विचार, मला काय कळतंय. पण विचार.

मावशी

---

७ एप्रिल

मावशी,

रविवार झाला. सगळं ठीक झालं.

तेवीस माणसं आली. मी मोजली, कारण बोलायचं नव्हतं. सरांनी शिट्टी वाजवून चार टोळ्या केल्या. खालच्या काकू आल्या, त्यांनी काठी आणली होती, तिच्या टोकाला खिळा लावून कागद टोचत होत्या. पलीकडच्या इमारतीतली जुळ्यांची आई दोन्ही पोरं ढकलगाडीत घालून आली आणि सगळ्यांपेक्षा जास्त तिनंच उचललं. फार हसरी आहे. तिची दोघं तेरा महिन्यांची आहेत आणि दोघंही चालतात. ती म्हणाली, "तुमचीपण चालेल हो, एक दिवस कंटाळून."

नऊपर्यंत वाट अशी दिसायला लागली की मला ओळखू येईना. मग वरच्या अंगाच्या बाकाशेजारी, झाडाखाली जुन्या चादरी पसरल्या आणि मांडलं. सारख्याला सारखं. लोक आधी हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

झालं काय, तर सिगारेटची चौदा पाकिटं निघाली. सगळी एकाच जातीची, आणि प्रत्येकाचं कागदाच्या होडीसारखं घडी घालून छोटा त्रिकोण केलेला. सर एक हात मागं घेऊन उभे होते. रोज सकाळी लोकांना छाती फुगवायला लावणारे सर! त्यांचा डावा हात खिशात कशाची तरी घडी घालत होता. दुपारी बघितलं तर ती चौदा पाकिटं गेलेली.

मग वर्तमानपत्रात बांधलेले केसांचे पुडे निघाले. ओढ्याच्या उतारावर असे बावीस. न्हावी म्हणाला, "वाऱ्यानं आले असतील." म्हटलं, काही विचारलंय का मी? संध्याकाळी तो हातगाडी घेऊन आला आणि तेही गेले. काकूंच्या रोपांच्या काळ्या थैल्या होत्या, त्यांनी सरळ सगळ्यांसमोर उचलल्या आणि म्हणाल्या, "माझ्याच आहेत. टोमॅटो लावते मी. खायला येता तेव्हा गोड लागतात ना?" मावशी, तू हसलीस पण तुझं टेबल चाललं.

निळ्या पिशव्या काढल्या, तेरा निघाल्या. त्या राहिल्यात.

आता ऊन फार वाढलंय. पोरीला दात येताहेत, किरकिर करते. थोडे दिवस वाटेवर जाणार नाही. तब्येत सांभाळ.

तुझी

---

१३ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कान गेले, डोळे शाबूत आहेत.

मागच्या पत्रात निळ्या पिशव्यांवर अर्धं पान होतं. वास, काटे, राग, नोटीस, सगळं. आणि या वेळी एक ओळ. सिगारेटच्या पाकिटाची घडी कशी होती ते सांगितलंस, पण पिशव्यांची गाठ कशी होती ते नाही. माझ्या हाताखाली नऊ वर्षं गाठोडी बांधलेल्या पोरीनं गाठ बघितली नाही? आपण तर नुसत्या गाठीवरून सांगायचो, हे गाठोडं कुणाच्या हातचं.

दोन कान काढून, उलट्या अंगानं खाली खोचलेली होती का गं? ओढली तर एका झटक्यात सुटते, नाही ओढली तर दगड. ती गाठ मी माझ्या सासूकडून शिकले आणि फक्त तुला शिकवली.

एकच विचारते. तुमची मोठी कचरापेटी वाटेच्या कुठल्या टोकाला आहे, आणि जावईबापूंचा डेपो कुठल्या टोकाला?

दात येणाऱ्या पोरीला वारा चांगला असतो. ऊन सकाळी सातला नसतं. मला काहीतरी बरं कारण तरी द्यायचंस.

रागावले नाही. लिही.

मावशी

---

२४ एप्रिल

मावशी,

पेटी वरच्या टोकाला. डेपो खालच्या टोकाला. तू तिथं बसून ओळखलंस, आणि मी त्याच घरात राहून ओळखलं नाही.

सगळं सांगते.

त्या रविवारी सरांनी लांब आकड्यानं पिशव्या झुडपातून ओढल्या आणि माझ्या पायाशी टाकल्या. पहिल्या पिशवीची गाठ बघितली आणि ओळखली. दोन कान, खाली खोचलेले. तेराच्या तेरा. पोरीला कडेवर घेऊन तेवढ्या लांब पेटीपर्यंत जायची मला भीती, म्हणून मी दोन-तीन दिवसांची पिशवी बांधून दाराशी ठेवते आणि हे पहाटे नेतात. मला वाटायचं, पेटीत जाते. निळ्या पिशव्या तर इथं घरोघरी असतात, म्हणून कधी शंकाच आली नाही.

मी काही बोलले नाही. नोटीस माझी, अध्यक्ष मी, टेबल माझं. कुठल्या तोंडानं बोलायचं? संध्याकाळ झाली, पिशव्या कुणी नेल्या नाहीत. काकू म्हणाल्या, "राहू द्या इथंच. मालक येईपर्यंत मी हलवू देणार नाही." वर दगड ठेवले. मग लोक पिशव्यांकडे बघायचे आणि जुळ्यांच्या आईच्या ढकलगाडीकडे. दोन तान्ही, तेरा पिशव्या, हिशोब लोकांनीच केला. तिलाही ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती खालच्या रस्त्यानं जायला लागली. मी खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढायचे. म्हणून तुला ऊन आणि दात लिहिलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना विचारलं.

"पिशवी कुठं टाकता?"

"पेटीत."

"कुठल्या?"

बूट काढता काढता थांबले. म्हणाले, "पेटी वर, डेपो खाली. हजेरी चुकते गं. मला वाटलं झुडपात कुणाला दिसतंय."

"दिवसभर लोकांचा कचरा झाडता तुम्ही."

"म्हणूनच तर," म्हणाले. "सकाळी सकाळी अजून एक नको वाटायचा."

 मला राग येता येता राहिला. मग म्हणाले, "नोटीस वाचलीस त्या दिवशीच सांगणार होतो. पण तू किती खूश होतीस." म्हणाले, पहाटे जाताना गुपचूप उचलून नेतो. म्हटलं, नको. नुसत्या गायब झाल्या तर जन्मभर त्या जुळ्यांच्याच म्हणून राहतील. म्हणाले, मग पुढच्या रविवारी सुट्टी घेतो, दोघं जाऊ. पण पुढच्या रविवारपर्यंत माझं धाडस टिकलं नसतं, ते मला माहीत होतं. एवढंसं तर होतं.

म्हणून या रविवारी, एकोणीस तारखेला, गेले. पाठीवर बांधायला विसरले, पोरगी कडेवरच होती. सर कवायत घेत होते. काकू बाकावर. न्हावी दुकान उघडत होता. जुळ्यांची आई खालच्या रस्त्यावरून चाललेली दिसली, तिला मी हाक मारली, "या ना जरा." ती आली, पण लांबच उभी राहिली.

मी म्हटलं, "या पिशव्या आमच्या आहेत."

कुणाला ऐकूच गेलं नाही. सर "तीन, चार" करत होते. मी पुन्हा म्हटलं, तेव्हाही नाही. शेवटी सरांजवळ जाऊन म्हटलं, "सर, एकदा शिट्टी वाजवता का?" त्यांनी वाजवली. सगळे वळले. आता पळताही येईना.

"त्या पिशव्या आमच्या आहेत. गाठ माझी आहे."

काकू म्हणाल्या, "आणि नोटीस कुणाची होती?"

"तीपण माझीच."

न्हाव्याला हसू आवरेना, तो दुकानाकडे तोंड करून उभा राहिला. काकू अजून काही विचारणार होत्या, पण सर म्हणाले, "काकू, बघणाऱ्यानं विचारायचं नाही." आणि काकूंना टोमॅटो आठवले असावेत, त्या गप्प बसल्या. मी जुळ्यांच्या आईकडे बघितलं. म्हटलं, "तुमच्यावर आलं. माझ्यामुळे." तिनं ढकलगाडी बाकाजवळ आणली आणि खाली बसली.

मग उचलायच्या होत्या. झाडापासून वरची पेटी बारा-पंधरा पावलं. तेरा पिशव्या, एक हात मोकळा. चार घेतल्या, तीन पडल्या. न्हावी मदतीला आला, म्हटलं, नको, आमच्या आहेत. त्यानं पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर तिनं असा सूर लावला की शेजारच्या इमारतीतली खिडकी उघडली. मी पिशव्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. जुळ्यांची आई म्हणाली, "ठेवा. मी आहे."

ठेवली. मावशी, मी तिला जमिनीवर ठेवली. बाकाला धरून उभी केली. 

मग एका हातात सहा, एका हातात सात, आणि निघाले. मागं बघितलं नाही. लाजेनंच नाही बघितलं. आणि मागं सगळं एकदम गप्प झालं. सरांचे आकडे बंद. काकू बंद. मला वाटलं, झालं, आता ही माणसं माझ्याशी कधी बोलणार नाहीत. कान नुसते तापले. तशीच पेटीपर्यंत गेले, एकेक पिशवी टाकली, तेरा वेळा झाकण वाजलं, तरी मागं चिटपाखरू बोलेना.

मग न्हावी हळूच म्हणाला, "ताई, मागं बघा. एकदम नका बघू."

मी वळले. पोरगी वाटेच्या मधोमध उभी. माझ्यापासून दोन हातांवर. कशाला धरलेलं नाही, दोन्ही हात वर. मी बघितलं तशी ती बदकन खाली बसली.

ते सगळे गप्प बसले होते ते ती चालत होती म्हणून! आवाज केला तर पडेल म्हणून सगळ्यांनी श्वास धरला होता. आणि मी समजत होते, माझी लाज काढताहेत. सर म्हणतात चौतीस पावलं टाकली, न्हावी म्हणतो एकतीस, अजून भांडताहेत. काकू रडल्या आणि वर मलाच म्हणाल्या की डोळ्यात धूळ गेली. एवढ्या माणसांनी बघितलं. एक मी सोडून.

मला तिथंच बसून रडायला आलं. पेटीच्या बाजूला. जुळ्यांची आई येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "वास येतोय हो तुमच्या हातांना." एवढंच बोलली. काल तिनं दोघांना घेऊन आमच्या दाराशी येऊन विचारलं, ती गाठ कशी बांधतात. शिकवली. तू म्हणशील, घराण्याची गाठ. पण तिला दोन पोरांचं बांधायचं असतं गं.

हे आता पहाटे दहा मिनिटं लवकर उठतात आणि वर जाऊन येतात. पहिल्या दिवशी जाताना म्हणाले, "मावशीला सांगू नकोस." सांगितलं.

मंगळवारी नर्सबाईंकडे गेले. म्हटलं, चालते. त्या म्हणाल्या, "दाखवा." खाली ठेवली, तर बसून राहिली. हाका मारल्या, चमचा वाजवला, काही नाही. माझ्याकडेच बघत बसली. नर्सबाई म्हणाल्या, "मग तुम्ही जरा पाठ फिरवा ना, बाई." फिरवली आणि दाराकडे निघाले. मागं रांगेतल्या बायका ओरडल्या, आणि नर्सबाई म्हणाल्या, "पाय चांगले आहेत. मोठ्या इस्पितळाचं काही काम नाही." तेही मी बघितलं नाही.

अशी आहे तिची तऱ्हा. मी बघत असले की बसते, मी पाठ फिरवून चालायला लागले की येते. म्हणून आता रोज सकाळी मी पुढं, ती मागं. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. टप टप वाजतंय तोवर ठीक. वाजायचं थांबलं, की समजायचं तिनं काहीतरी उचललंय. तेव्हा माझा जीव असा होतो म्हणून सांगू! मी ठरवलंय, दहापर्यंत मोजायचं आणि मगच वळायचं. परवा चारलाच वळले, तिच्या हातात पान होतं. काल सहाला, खडा होता, तोंडात नव्हता. आज आठपर्यंत गेले होते, मावशी, आणि नऊ म्हणायच्या आत मागं टप टप पुन्हा सुरू झालं.

तुझी